चांगुणेचे उखळ : नरमांसाची एक कथा आणि तिचा मराठी अवतार

१

बंगळूरच्या जुन्या शहरातील चिकपेट म्हणजे कन्नड 'चिक्कपेटे', अर्थात धाकटी पेठ. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसवलेल्या नगरीत जे दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदून गेले, त्यांपैकी पूर्व-पश्चिम जाणारा हा रस्ता. दक्षिणोत्तर जाणारी ती दोड्डपेटे, थोरली पेठ. भोवतालच्या पेठांना त्या त्या मालाची नावे मिळाली : अक्किपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची, अरळेपेटे कापसाची. चिकपेट कापडाची व रेशमाची. कन्नड बोलणारे लिंगायत व्यापारी, कन्नड-तेलुगू बोलणारे देवांग विणकर, तमिळ मुळाचे तिगळ आणि मराठी बोलणारे भावसार व रंगारी असे समाज या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे शेजारी होऊन राहिले. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजींच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'त संस्कृतच्या जोडीने अनेक देशी भाषांतील कवने एकाच सभेत म्हटली गेल्याचे दिसते. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला तेव्हा मराठी वाचकाला प्रथम जाणवले की, मराठी वाङ्मयाचा एक दरबार कानडी मुलखात भरत होता आणि त्या दरबाराला एकभाषिकतेची सवय नव्हती.

ज्या चार भाषा या पेठेत एकमेकींच्या कानावर पडत आल्या, त्या चारही भाषांत एक विलक्षण कथा नांदते. दारी आलेला अतिथी यजमानाकडे त्याच्या एकुलत्या एका मुलाचे मांस मागतो. आईबाप ते रांधून वाढतात. पानावर बसलेला अतिथी म्हणतो, मुलाला हाक मारा. आणि मूल धावत येते. तमिळमध्ये या यजमानाचे नाव सिरुत्तोंडर, तेलुगूत चिरुतोंडनंबि, कन्नडात सिरियाळ शेट्टी आणि मराठीत श्रियाळ. मराठी वाचक ही कथा मुलाच्या नावाने ओळखतो : चिलया बाळाची कथा.

नरमांसभक्षण हा विषय निघाला की सुशिक्षित मराठी वाचकाची नजर दूरच्या बेटांकडे, आफ्रिकेकडे किंवा इंग्रजी चित्रपटांकडे वळते. हा विषय स्वतःच्या देव्हाऱ्यातील पोथीत, ताटवाटीच्या आणि उखळमुसळाच्या घरगुती भाषेत मांडलेला आहे, याचे त्याला सहसा भान नसते. कथा भक्तीची म्हणून ऐकली जाते आणि तिच्यातील पदार्थाकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात त्या पदार्थाकडे, तो रांधणाऱ्या हातांकडे आणि ज्या भुकेने तो मागितला तिच्याकडे लक्ष वेधावयाचे आहे.

२

कथेचे सर्वांत जुने सविस्तर रूप बाराव्या शतकातील सेक्किळाराच्या 'पेरियपुराणम्' या तमिळ ग्रंथात आढळते. त्रेसष्ट शैव नायनमारांपैकी सिरुत्तोंडर हा एक. सुंदररांच्या त्याआधीच्या नामावलीतही त्याचे नाव आहे. परंपरा सांगते की, भक्त होण्यापूर्वी तो परंजोती नावाचा पल्लवांचा सेनापती होता आणि चालुक्यांची राजधानी वातापी, म्हणजे आजची बदामी, उद्ध्वस्त करणाऱ्या सैन्याचे नेतृत्व त्याने केले होते. नरसिंहवर्मन पल्लवाने वातापी घेतली ती ६४२ मध्ये. युद्धावरून परतलेला सेनापती तिरुच्चेंकाट्टांकुडी या आपल्या गावी शिवभक्तांना जेवू घालण्याचे व्रत घेतो. भैरवाच्या वेषातील शिव त्याच्याकडे येतो आणि पाच वर्षांच्या एकुलत्या एका मुलाचे मांस मागतो. अट अशी की, आईने मुलाला धरावे, बापाने कापावे आणि दोघांनीही ते आनंदाने करावे.

वातापी हे नाव येथे केवळ इतिहासाचा तपशील म्हणून येत नाही. महाभारताच्या आरण्यकपर्वात इल्वल आणि वातापी या दोन असुर बंधूंची गोष्ट आहे. इल्वल वातापीला मेंढ्याचे रूप देऊन त्याचे मांस ब्राह्मणांना वाढी आणि जेवण आटोपले की हाक मारी. वातापी पाहुण्याचे पोट फाडून बाहेर येई. अगस्त्य जेवला तेव्हा मात्र हाक वाया गेली, कारण वातापी पचून गेला होता. या कथेची आणि सिरुत्तोंडराच्या कथेची मांडणी शेजारी ठेवली की एक सांगाडा स्पष्ट दिसतो. दोन्हींत अतिथी आहे, आप्ताचे मांस आहे आणि वाढून झाल्यावर मारलेली हाक आहे. इल्वलाच्या हाकेत कपट आहे. सिरुत्तोंडराच्या हाकेत शरणागती आहे. पहिल्या कथेत पाहुणा मांस पचवतो, म्हणून हाकेला ओ मिळत नाही. दुसऱ्या कथेत पाहुणा घास घेत नाही, म्हणून ओ मिळते. वातापी नगरी जिंकणाऱ्या योद्ध्याच्या नावावर वातापी असुराच्या कथेची उलटी प्रतिमा जमा व्हावी, हा योगायोग असला तरी परंपरेच्या स्मरणशक्तीबद्दल पुष्कळ सांगणारा योगायोग आहे. डेव्हिड शुलमन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या कथांतील देवाला भुकेला देव म्हटले आहे. त्या भुकेचे आध्यात्मिक अर्थ त्यांनी बारकाईने उलगडले. कथा उत्तरेकडे सरकली तसा त्या भुकेला जो ऐहिक अर्थ चिकटत गेला, तो मराठी वाचकाने आपल्या बाजूने जोडावयाचा आहे.

३

तमिळ मुलखातून बाहेर पडताना कथेने प्रथम बदलला तो नायकाचा व्यवसाय. कन्नड व तेलुगू वीरशैव परंपरेत तो शेट्टी, म्हणजे श्रेष्ठी, व्यापारी झाला. तेराव्या शतकातील पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू 'बसवपुराणा'त आणि १३६९ मध्ये भीमकवीने रचलेल्या त्याच्या कन्नड अवतारात सिरियाळाची कथा गृहीत धरलेली आहे. पुढे श्रीनाथाने 'हरविलासमु'मध्ये ती विस्ताराने गायिली आणि तो ग्रंथ अवचि तिप्पय्य शेट्टी या धनाढ्य व्यापाऱ्याला अर्पण केला. ऐकणारा बाजारातला असल्यामुळे नायकही बाजारातला झाला. देणेघेणे, पत, शब्द पाळणे ही व्यापाऱ्याची मूल्ये. अतिथीला दिलेला शब्द हा येथे जणू हुंडी ठरतो आणि ती वटवण्यासाठी घरातील सर्वांत मोलाची वस्तू पुढे करावी लागते.

व्यवसायाबरोबर नावेही सरकली. तमिळ कथेत मुलाचे नाव सीराळन. कन्नडात 'सिरियाळ' हे बापाचे नाव झाले आणि मुलगा 'चिलाळ' ठरला; मराठीत बाप श्रियाळ व मुलगा चिलया. एकाच नावाची बहुधा दोन उच्चारांत फाळणी झाली आणि एक बापाकडे, एक मुलाकडे गेले. खाऊ घालणारा आणि खाल्ला जाणारा यांचे नाव मुळात एक असावे, ही गोष्ट कथेच्या आशयाशी विसंगत नाही. आपला मुलगा देणारा बाप स्वतःलाच देत असतो, असे परंपरा सुचवू पाहते.

वीरशैव परंपरेने या दानाचे निव्वळ कौतुक केले नाही, याची नोंद घ्यावयास हवी. 'बसवपुराणा'त सिरियाळाच्या त्यागाला गर्वाचा वास लागल्याचे दाखवले आहे आणि तो उतरवण्यासाठी निम्मव्वा या स्त्रीची कथा त्याच्यापुढे ठेवली आहे. म्हणजे ज्या परंपरेने ही कथा जपली, तिनेच तिच्यावर पहिली टीकाही केली. भक्तिवाङ्मय हे सर्व काही निमूट स्वीकारणारे वाङ्मय आहे, या समजाला हे चांगले उत्तर आहे.

मराठी धर्मजीवनाची दाक्षिणात्य मुळे शोधणाऱ्या शं. बा. जोशी आणि रा. चिं. ढेरे या संशोधकांनी दाखवलेली वाट येथे उपयोगी पडते. दैवते आणि कथा सीमा ओलांडतात तेव्हा व्यापारी, विणकर, भिक्षेकरी, सैनिक व लेकुरवाळ्या सासुरवाशिणी त्या वाहून नेतात. ग्रंथ बहुधा मागाहून येतो.

४

मराठीत या कथेला अधिष्ठान मिळाले ते श्रीधराच्या 'शिवलीलामृता'त. नाझऱ्याच्या श्रीधराने हा ग्रंथ शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ मध्ये, बारामती येथे पूर्ण केला. चौदाव्या अध्यायात श्रियाळ-चांगुणेचे आख्यान येते. श्रियाळ येथे कांतीनगरचा राजा आहे आणि त्या नगरीच्या नावात कांचीचा प्रतिध्वनी उमटतो. शेट्टी मराठीत येऊन राजा झाला खरा. परंतु कथेचे केंद्र आता त्याच्याकडे उरले नाही. मराठी आख्यान चांगुणेचे आहे.

श्रीधराने केलेली मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. अतिथीरूपातील शिव निराळ्या वेषात शाळेतून येणाऱ्या चिलयाला गाठतो आणि त्याला पळून जाण्यास सांगतो. मूल नकार देते. त्यामुळे ते केवळ बळी न राहता निर्णय घेणारे पात्र होते. मांस शिजते, तेव्हा चांगुणा मुलाचे शिर पाहण्यापुरते बाजूला लपवून ठेवते. ही आईची चोरी कथेतील सर्वांत मानवी कृती आहे. अतिथी नेमकी ती ओळखतो, शिर मागतो, ते उखळात कांडावयास लावतो आणि डोळ्यांत पाणी येऊ न देता गात कांडण्याची अट घालतो. तमिळ कथेत शिर आधीच शिजवून ठेवण्याची दक्षता दासी घेते. तेथे तो प्रसंग तडीस जातो. मराठी कथेत दासी नाही. आईला ते स्वतः करावे लागते, आणि तेही उखळाशी.

उखळ आणि जाते ही मराठी स्त्रीच्या काव्याची जन्मस्थाने आहेत. दळताकांडताना ओवी म्हणणे, सासर-माहेर, लेक-भाऊ यांची नावे त्या लयीत गुंफणे हा शतकानुशतकांचा परिपाठ. ज्या लयीत बाळाचे कौतुक गायिले जाते, त्याच लयीत बाळाचे शिर कांडण्याचा प्रसंग श्रीधराने बसवला. त्याच्या श्रोत्यांतील स्त्रियांना हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नव्हते. मुसळाचा तो ठेका त्यांच्या हातातला होता. चिलया-चांगुणा पुढे लोकगीतांत शिरली यामागे ही ओळख असावी.

याहून खोल जाणारे एक स्थळ आहे. अतिथी राजाला आपल्या पंक्तीला बसावयास सांगतो आणि पुत्राचे मांस कसे खावे म्हणून श्रियाळ थबकतो. तेव्हा चांगुणा त्याला सुनावते की, तिने त्या बाळाला नऊ महिने पोटात वागवले, त्याने चार प्रहर वागवावयास काय हरकत आहे. या एका युक्तिवादात मराठी भाषेचे सामर्थ्य दिसते. मराठीत गर्भाशय आणि जठर या दोहोंना बोलीत एकच शब्द आहे : पोट. 'पोटचा गोळा', 'पोटी येणे' हे प्रयोग जन्माचे. 'पोट भरणे', 'पोट जाळणे' हे भुकेचे. आणि 'अपराध पोटात घालणे' हा क्षमेचा. जन्म, भूक आणि क्षमा या तिन्ही गोष्टी ज्या भाषेने एका शब्दात ठेवल्या, त्या भाषेत चांगुणेचे वाक्य अतिशयोक्ती राहत नाही. ते व्याकरणातूनच निघते. पुरुषाचे पोट फक्त खाते, स्त्रीचे पोट वागवतेही. चांगुणा आपल्या नवऱ्याला थोडा वेळ आई होण्यास सांगते. सबंध दाक्षिणात्य परंपरेत मराठीने या कथेत घातलेली ही सर्वांत मोलाची भर म्हणावी लागेल.

अखेर अतिथी निपुत्रिकाच्या घरी जेवण्याचे नाकारतो, चांगुणा मुलाला हाक मारते आणि चिलया येतो. घास कोणाच्याच तोंडात जात नाही. तमिळ कथेत बापाचा हात पानाला लागतो न लागतो तोच त्याला थांबवले जाते. सर्व परंपरांनी येथे सारखीच सीमा आखली आहे : कापणे, शिजवणे, कांडणे, वाढणे येथवर कथा जाते; खाणे मात्र घडत नाही.

५

ही सीमा इतिहासात पाळली गेली होती काय? १६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरातवर जो दुष्काळ पडला, त्याचे वर्णन शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'पादशाहनामा'त केले आहे. माणसे एकमेकांना खाऊ लागली आणि पुत्राच्या प्रेमाहून त्याच्या मांसाला अधिक मोल आले, असा त्याच्या कथनाचा आशय आहे. कुत्र्याचे मांस बकऱ्याचे म्हणून विकले जात होते आणि मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळून विकली जात होती, असेही तो सांगतो. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडल्याची नोंद तो लगेच पुढे करतो. याच दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी भुकेने गेली. शहाजीराजे बंगळूरला आले ते या दुष्काळानंतर अवघ्या सहा वर्षांनी; त्यांच्याबरोबर आणि मागाहून जी मराठी माणसे त्या पेठांत पोचली, त्यांच्या मागे असा मुलूख होता.

लाहोरीचे वाक्य जसेच्या तसे पुरावा म्हणून घेण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे. भुकेने वेडी झालेली आई आपले मूल खाते, हा प्रसंग जगातील आपत्तिवर्णनांत वारंवार येतो. शोमरोनच्या वेढ्यात मूल शिजवणाऱ्या आयांची कथा बायबलातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, इ. स. ७० च्या यरुशलेमच्या वेढ्यात मरिया नावाच्या स्त्रीने आपले तान्हे मूल खाल्ल्याचे जोसेफस सांगतो. इतिहासकाराला अनर्थाची परिसीमा सांगावयाची असते तेव्हा तो माता आणि पुत्र यांच्याकडे वळतो. लाहोरीच्या वाक्याला हा साचा ठाऊक आहे, आणि त्यामागोमाग येणारी बादशाही दानाची नोंद त्या साच्याचा उपयोगही सांगते. तरीही हाडे कुटून पिठात मिसळण्याचा तपशील साच्यातला वाटत नाही. तो बाजारातला आहे. इतिहासाच्या या पानावर हाडे कुटली जातात ती नफ्यासाठी, नावगाव नसलेल्या गिऱ्हाइकांना फसवण्यासाठी. श्रीधराच्या पोथीत जे कांडले जाते, ते सर्वांच्या देखत, नाव घेऊन, गात कांडले जाते. एकाच भयंकर कृतीची ही दोन रूपे आहेत, आणि त्यांच्यामध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांहून अधिक अंतर नाही. श्रीधराने दुष्काळाचे रूपक योजून केले असे म्हणावयास आधार नाही. पण त्याच्या श्रोत्यांच्या आजी-पणजींनी कोणते उखळ पाहिले होते, हे समीक्षेने विसरून चालणार नाही.

भुकेशी या कथेचे नाते मराठी लोकमनाने दुसऱ्या वाटेने स्पष्टच सांगितले आहे. सुमारे १३९६ पासून बारा वर्षे चाललेला मानला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ दख्खनच्या स्मरणात खोल रुतला. परंपरा अशी की, त्या काळी श्रियाळशेठ नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याने आपली धान्याची कोठारे उघडून लोकांना जगवले, आणि प्रसन्न झालेल्या बहामनी सुलतानाने त्याला औट घटकेचे, म्हणजे साडेतीन घटकांचे, राज्य दिले. श्रावण शुद्ध षष्ठीला मातीचा शिराळशेठ मांडून त्याचे विसर्जन करण्याची चाल महाराष्ट्रात राहिली आणि 'औट घटकेचा राजा' ही म्हण भाषेत रुजली.

मराठीत असे दोन श्रियाळ आहेत. एक भुकेल्या देवाला आपला मुलगा वाढतो. दुसरा भुकेल्या माणसांना आपले धान्य वाढतो. पहिला तमिळमध्ये सेनापती होता, कन्नडात शेट्टी, मराठी पोथीत राजा. दुसरा शेठ आहे आणि घटकाभर राजाही आहे. कन्नड शेट्टी आणि मराठी राजा या दोन परंपरांचा मेळ शिराळशेठाच्या मातीच्या मूर्तीत जितक्या सहजतेने बसतो, तितका तो कोणत्याही ग्रंथात बसत नाही. एकाच नावाखाली या दोन कथा सांभाळण्यात लोकमनाने एक तुलना करून ठेवली आहे. पोथीतल्या श्रियाळाच्या घरी देव जेवावयास आला, तेव्हा मुलाला मरावे लागले. पेठेतल्या श्रियाळशेठाच्या घरी मुलूख जेवावयास आला, तेव्हा मुले जगली. यांपैकी कोणता अतिथी मोठा, हे लोकमनाने बोलून दाखवले नाही. परंतु दरवर्षी मातीचा मांडला तो दुसरा.

६

जगाच्या वाङ्मयात नरमांसाचा विषय बहुधा परक्याच्या निंदेसाठी आला आहे. हिरोडोटसने मृत पित्याला खाणाऱ्या एका भारतीय जमातीचा उल्लेख केला. दुसऱ्याला विचित्र वाटणारी चाल ज्याला त्याला पवित्र वाटते, हे त्याला दाखवावयाचे होते. कोलंबसाच्या प्रवासानंतर कॅरिब लोकांच्या नावावरून युरोपीय भाषांना 'कॅनिबल' हा शब्द मिळाला आणि वसाहतींना एक सोयीचे समर्थन मिळाले. मोंतेन्याने १५८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात हा आरोप उलटवला : मेलेल्याला खाणाऱ्यांपेक्षा जिवंत माणसाचे हाल करणारे अधिक रानटी ठरतात. १७२९ मध्ये जोनाथन स्विफ्टने आयर्लंडच्या गरिबांनी आपली मुले श्रीमंतांच्या ताटात विकावी अशी उपरोधिक सूचना मांडून भूक आणि सत्ता यांचा संबंध उघडा केला. १९७९ मध्ये विल्यम अॅरेन्स या मानवशास्त्रज्ञाने तर रूढी म्हणून चालणाऱ्या नरमांसभक्षणाच्या पुराव्यांवरच शंका घेतली. त्याचे मत संपूर्ण टिकले नाही. न्यू गिनीतील फोरे लोकांत मृत आप्तांना खाण्याचा अंत्यविधी होता आणि त्यातून कुरू हा मेंदूचा रोग पसरला, हे मान्य झाले आहे. त्या रोगाच्या संशोधनासाठी कार्लटन गाजड्युसेक यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. तरी आरोप आणि वस्तुस्थिती यांत भेद करण्याची अॅरेन्सने लावलेली सवय मोलाचीच आहे.

श्रियाळकथेला सर्वांत जवळची युरोपीय कथा टँटॅलसची. तो आपला मुलगा पेलोप्स कापून देवांना वाढतो. देव ओळखतात आणि टँटॅलसला चिरंतन भुकेची शिक्षा होते. पेलोप्सला पुन्हा जिवंत केले जाते, पण दुःखी डीमीटरने नकळत खाल्लेल्या खांद्याच्या जागी हस्तिदंताचा खांदा बसवावा लागतो. ग्रीक कथेत एक घास खाल्ला गेला आहे आणि त्याची खूण देहावर कायमची उरते. भारतीय कथेत घास गेला नाही, म्हणून खूणही नाही. चिलया जसा गेला तसा येतो. ग्रीक कथा देवांना निर्दोष ठेवून बापाला शिक्षा करते. दाक्षिणात्य कथेत मागणारा देवच आहे आणि शिक्षा कोणालाच नाही. भक्ताला हे समाधान देते. विचार करणाऱ्या वाचकाला मात्र अस्वस्थ करते.

विसाव्या शतकाच्या लोकप्रिय संस्कृतीने या विषयाचे केंद्र हलवले. थॉमस हॅरिसच्या १९८१ च्या कादंबरीत अवतरलेला आणि १९९१ च्या चित्रपटाने जगभर पोचलेला हॅनिबल लेक्टर हा सुसंस्कृत, रसिक भक्षक आहे. त्याच्या ताटात कोण आहे हे प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो खाणारा. याच्या उलट, ऑक्टोबर १९७२ मध्ये अँडीज पर्वतात कोसळलेल्या उरुग्वेच्या विमानातून बहात्तर दिवसांनी जे सोळाजण वाचले, त्यांनी मृत सोबत्यांचे मांस खाऊन जीव राखला होता. त्या घटनेवर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये निघालेल्या चित्रपटांत खाणे हा एक दुःखद करार ठरतो. बंगळूरच्या प्रेक्षकाला १९८० मध्ये हुणसूर कृष्णमूर्ती यांचा कन्नड 'भक्त सिरियाळ' पाहावयास मिळाला. पडद्यावर मूल परत येताना दिसते, डोळे भरून येतात आणि आधी जे घडले त्याचा विसर पडतो.

७

हा विसर हेच या कथेच्या आस्वादातील खरे संकट आहे. चमत्कार कथेच्या शेवटी आहे, आणि शेवट ठाऊक असलेला श्रोता उखळापाशी थांबत नाही. चांगुणेला मात्र शेवट ठाऊक नाही. निर्दय वाटणाऱ्या अतिथीच्या सांगण्यावरून ती दाराशी जाते आणि ज्याला आपण कांडले आहे त्याचे नाव घेऊन हाक मारते. त्या हाकेला उत्तर येईल असे मानावयास तिच्याजवळ कोणतेही कारण नाही. हाक आणि उत्तर यांच्यामधला तो क्षण हे या आख्यानाचे खरे स्थान आहे. १६३०च्या दुष्काळात ज्या आयांनी हाका मारल्या, त्यांना उत्तर आले नाही. इल्वलालाही आले नव्हते. चिलयाचे येणे हे भक्तीचे फळ म्हणून जितके वाचता येते, तितकेच ते एका समाजाने न फिटणाऱ्या दुःखावर घातलेले पांघरूण म्हणूनही वाचता येते. पांघरूण खोटे नसते; पण त्याखाली कोणी आहे हे ते घालणाऱ्याला माहीत असते.

या आख्यानाची निंदा करणे सोपे आहे. आईच्या हातून मूल मारवणारी कथा पुढच्या पिढीला का द्यावी, हा प्रश्न रास्त आहे. मात्र कथा टाकून दिली तर चांगुणेचा तो युक्तिवाद, शिर लपवण्याची ती चोरी आणि उखळावरचे ते गाणेही जाते. आणि ते गेले म्हणून भूक जात नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नाहीशी झाली. पेठांची तांदूळ-नाचणीची नावे पुसली गेली नाहीत. माणसे मात्र गेली. अशा वेळी भाषा ज्या प्रतिमांकडे वळते, त्या तिला आधीपासून ठाऊक असाव्या लागतात. मराठी बोलीत माणूस माणसाचे डोके खातो, जीव खातो, 'खाऊ की गिळू' करतो. हे प्रयोग विनोदाने वापरले जातात, कारण त्यांची भयंकर बाजू पोथीने आपल्याकडे ठेवून घेतली आहे.

म्हणून चिलया बाळाचे आख्यान वाचणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही श्रियाळ एकत्र वाचावेत. पोथीतला श्रियाळ सांगतो की भुकेपुढे माणूस काय काय देऊ शकतो. मातीचा शिराळशेठ सांगतो की, कोठार वेळेवर उघडले तर ते द्यावे लागत नाही. पहिल्याचे राज्य अढळ म्हणून वर्णिले गेले आणि दुसऱ्याचे औट घटकेचे. त्या औट घटकेच्या राज्यात कोणत्याही आईला उखळापाशी बसून गावे लागले नाही, एवढी नोंद मराठी परंपरेने करून ठेवली आहे.